काळी, पांढरी आणि पांढरकवडा



निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली की पुण्या-नागपुरातील मध्यमवर्गीय घरांत एक संभाषण हमखास सुरू होते. आता ही गर्दी नको, हा धूर नको. एखाद्या शांत गावी, पण फार आडबाजूला नाही, शहर हाकेच्या अंतरावर असेल अशा ठिकाणी लहानसे घर बांधून राहावे. मग ‘निसर्गाच्या कुशीत’ असे मथळे असलेल्या जाहिराती कापून ठेवल्या जातात. शांतता ही चौरस फुटांवर विकत मिळणारी वस्तू आहे, असा या जाहिरातींचा विश्वास असतो. परंतु ज्यांनी ती विकत घेतली नाही, ज्यांच्या पदरात ती जन्मतःच पडली, त्यांचे त्या शांततेबरोबरचे जगणे कसे असते, हा प्रश्न त्या जाहिरातीत नसतो. आजच्या विवेचनाचा विषय तो आहे आणि उदाहरण आहे यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याचे.

पांढरकवडा हे तालुक्याचे गाव. तालुक्याचे नाव मात्र केळापूर. केळापूर हे जवळच असलेले जुने स्थान. तेथील जगदंबेच्या दर्शनाला नवरात्रात पंचक्रोशी लोटते. नाव केळापूरचे आणि कचेरी पांढरकवड्याची, हा घोळ बाहेरून बदलून येणाऱ्या प्रत्येक कारकुनाला पहिला महिनाभर पुरतो. वस्ती सुमारे तीस हजारांची. नगर परिषद, न्यायालय, एस.टी. आगार, उपजिल्हा रुग्णालय, आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय, कापसाचा बाजार आणि खुनी नावाची नदी. नदीचे नाव ऐकून पाहुणा दचकतो. गावाला त्याचे काही वाटत नाही. यवतमाळ साठ-सत्तर किलोमीटरवर, नागपूर दीडशेच्या आसपास, आणि दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की तेलंगणातील आदिलाबाद. त्यामुळे येथील बाजारात वऱ्हाडीच्या जोडीला तेलुगू ऐकू येते, गोंडी ऐकू येते, कोलामी ऐकू येते. भाषावार प्रांतरचनेने नकाशावर रेघ ओढली. तूर विकायला आणि सोयरीक जुळवायला ती रेघ कधी आड आली नाही.

मराठी मुलखात गावाची दोन अंगे मानली जातात. पिकाची जमीन ती काळी आणि घरे ज्या जागेवर उभी असतात ती पांढरी. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त हे दोन शब्द भेटतात, पण ते शब्द ग्रंथातून आलेले नाहीत, शेतकऱ्याच्या तोंडचे आहेत. काळी पिकवते आणि पांढरी नांदते. काळी रुसली की पांढरी ओस पडते. गावात ‘शांत’ कोणते आणि ‘ओस’ कोणते, हे ओळखण्याची कसोटी याच जोडीत आहे. वरवर पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. दुपारी दोनच्या उन्हात पांढरकवड्याच्या रस्त्यावर उभे राहिलेल्या पाहुण्याला वाटते, काय हो ही शांतता! त्या शांततेत किती घरांना कुलूप आहे, हे त्याला कोण सांगणार?

इतिहासानेही या शांत मुलखाला फार काळ शांत राहू दिलेले नाही. १८१८ च्या एप्रिल महिन्यात दुसरा बाजीराव पेशवा, नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांच्या आणि चांद्याच्या किल्ल्याच्या आशेने, याच परिसरात आपल्या फौजेसह भटकत होता. पांढरकवड्याच्या आसमंतातील शिवणी येथे कर्नल अ‍ॅडम्सच्या पलटणींनी त्याला गाठले आणि उरलेसुरले सैन्य पांगवले. मे महिन्यात चांद्याचा किल्ला पडला, जूनच्या आरंभी पेशव्याने माल्कमपुढे शरणागती पत्करली. शनिवारवाड्याच्या भिंती पाहायला हजारो लोक जातात. मराठी राज्याची शेवटची धावपळ ज्या काळ्या मातीवरून झाली, तिथे सहल नेण्याचे कोणत्या शाळेला सुचत नाही. पुढे निजामाने १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केले, वणी जिल्हा झाला, १९०५ मध्ये त्याचे यवतमाळ झाले. आणि इंग्रजांच्या गिरण्यांना जे हवे होते ते येथे पिकू लागले.

कापूस. या एका शब्दाभोवती पांढरकवड्याचे वर्ष फिरते. मृगाच्या सरीवर लावण, मग डवरणी, निंदण, फवारणी; आणि दसऱ्याच्या सुमारास बोंडे फुटली की पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही. घरची बाई दहीभाताचा नैवेद्य घेऊन शेतात जाते, काळीची पूजा करते आणि मगच ओटीत पहिला कापूस पडतो. हा सोहळा कुणी जाहीर करत नाही, त्याची छायाचित्रेही फारशी निघत नाहीत. त्यानंतर चार महिने गावाला झोप नसते. गाड्यांच्या रांगा, जिनिंगमधला घर्रघर्र आवाज, हवेत तरंगणारे तंतू, भावावरून चढलेले आवाज, वेचणाऱ्या बायकांची पहाटेची लगबग. पांढरकवड्याला हा गोंगाट प्रिय आहे. तो ज्या वर्षी कमी होतो, त्या वर्षी दिवाळीत कापडाच्या दुकानदाराला माशा मारत बसावे लागते, कृषी केंद्राची उधारी थकते आणि लग्ने पुढच्या वैशाखावर ढकलली जातात. अशा गावात शांतता हे समृद्धीचे लक्षण मानायचे की चिंतेचे, हे शहरातून येणाऱ्याने आधी विचारून घ्यावे.

ती चिंतेची शांतता या जिल्ह्याने पुष्कळ भोगली. १९ मार्च १९८६ रोजी याच जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्याने पत्नी आणि चार मुलांसह पवनार येथे जीवन संपवले. त्या घटनेकडे त्या वेळी अपवाद म्हणून पाहिले गेले. पुढे तो अपवाद राहिला नाही. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. बियाण्याचा, खताचा, औषधाचा खर्च वाढला. पाणी मात्र आभाळातूनच येत राहिले. २००६ च्या जुलैमध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या दौऱ्यात सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना घोषित केली. २००८ मध्ये देशव्यापी कर्जमाफी आली. तिची पूर्ण सवलत दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याला होती. ऊसवाल्या बागायती भागात दोन हेक्टरांचा धनी सुखवस्तू असतो. कोरडवाहू केळापूर तालुक्यात सात-आठ एकरांचा धनीही पावसाचा ताबेदार असतो. तो नियमाच्या दृष्टीने ‘मोठा’ ठरला आणि पूर्ण माफीबाहेर राहिला. दिल्लीत आखलेली फूटपट्टी पांढरकवड्याच्या धुऱ्यावर नेमकी कशी चुकते, याचे याहून सोपे उदाहरण शोधावे लागणार नाही. २०१७ च्या पावसाळ्यात तर विषच हवेतून आले. डोक्याच्या वर गेलेल्या कपाशीत पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारे शेतमजूर आणि शेतकरी यवतमाळच्या रुग्णालयात दाखल झाले आणि जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसे दगावली. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने उरलेला कापूस पोखरला.

हे सारे सांगताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पांढरकवड्याचे नाव निघताच केवळ करुणेचा सूर लावणे हा त्या गावावर अन्यायच आहे. वर्तमानपत्रांनी या तालुक्याला मरणाचा पत्ता करून टाकले. येथे माणसे जगतातही, आणि बऱ्याच मोठ्या संख्येने, बऱ्याच हिमतीने जगतात. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी पांढरकवड्यात आले, ते महिला बचत गटांच्या मेळाव्यासाठी. पुलवामाच्या हल्ल्याला दोनच दिवस झाले होते, त्यामुळे देशाचे कान त्यांच्या पाकिस्तानविषयीच्या शब्दांकडे होते आणि समोर बसलेल्या बायकांकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. वास्तविक बातमी त्याही होत्या. नवऱ्याचा सातबारा कर्जात बुडालेला असताना शेळी, शिलाई यंत्र नाहीतर पापडाच्या लाटण्यावर घराचा गाडा ओढणाऱ्या त्या बायका. त्यांच्या गटाचे हप्ते थकत नाहीत, हे बँकेच्या कोणत्याही शाखाधिकाऱ्याला विचारावे.

आता जंगलाकडे वळू, कारण शहरी पाहुणा अलीकडे पांढरकवड्याला येतो तो कापसासाठी नव्हे, वाघासाठी. टिपाईदेवीच्या नावाने ओळखले जाणारे टिपेश्वर अभयारण्य गावाच्या अंगणात आहे. क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर. सुन्नाच्या फाटकातून जिप्सी आत शिरते, पाहुण्यांना वाघ दिसतो, संध्याकाळी ढाब्यावर शेवभाजी होते आणि पाहुणे तृप्त मनाने नागपूरला परततात. वाघ मात्र फाटकाची वेळ पाळत नाही. २०१६ ते २०१८ या काळात राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात टी-१, म्हणजे ‘अवनी’ या वाघिणीच्या नावावर तेरा माणसांचे मृत्यू नोंदले गेले. कुणी कापूस वेचायला गेलेले, कुणी गुरे चारायला. तिला पकडण्यासाठी हत्ती आणले, सापळे-कॅमेरे लावले, अत्तरेही शिंपडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात ती गोळीला बळी पडली. मुंबई-दिल्लीत मेणबत्त्या पेटल्या आणि राळेगावकडच्या खेड्यांत फटाके वाजले. गोळी कशी झाडली गेली, बेशुद्ध करण्याचा प्रयत्न पुरेसा झाला का, हे प्रश्न रास्तच होते आणि त्यांची चौकशीही झाली. पण मेणबत्ती लावणाऱ्याच्या सुनेला दुसऱ्या दिवशी पहाटे कपाशीत वाकून वेचणी करायची नव्हती, एवढा फरक लक्षात घेतला असता तर त्या वादाला थोडी माणुसकी आली असती.

वाघाविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. टिपेश्वरातील एका तरुण नर वाघाच्या गळ्यात २०१९ च्या फेब्रुवारीत रेडिओ कॉलर बांधण्यात आली. पावसाळ्याच्या तोंडावर तो निघाला. यवतमाळ, नांदेड, तेलंगणाचा आदिलाबाद, हिंगोली, वाशीम, अकोला असे जिल्हे तुडवत वर्षाच्या अखेरीस तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची सारी वाटचाल सुमारे तीन हजार किलोमीटरांची भरली. भारतात नोंदल्या गेलेल्या वाघांच्या प्रवासात ती सर्वांत लांब मानली गेली. नाले, महामार्ग, कापसाची शेते पार करत तो गेला तो कशासाठी? जाणकारांचे उत्तर साधे आहे: स्वतःची हद्द आणि जोडीदारीण. टिपेश्वरात दोन्हींना जागा उरली नव्हती. पुढेही टिपेश्वरचे वाघ मराठवाड्यात, थेट धाराशिवच्या येडशीपर्यंत गेल्याचे आढळले.

पांढरकवड्याचा पंचविशीतला तरुणही याच दोन कारणांनी निघतो. हे साम्य गमतीने सांगितले जाते, पण त्यात गंमत थोडीच आहे. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग सात आणि २०१० च्या नव्या क्रमांकानंतर चव्वेचाळीस, श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा रस्ता त्याच्या गावाजवळून जातो. लहानपणापासून त्याने काश्मीरची सफरचंदे आणि तामिळनाडूचे ट्रक त्यावरून जाताना पाहिले आहेत. जग कुठे जाते हे त्याला दिसते, ते इथे थांबत नाही हेही दिसते. पदवी घेतली की वणीच्या कोळसा खाणी, मुकुटबनचा सिमेंट कारखाना, नागपूरचे मिहान नाहीतर पुणे. शेती करत घरी थांबला तर मुलगी मिळत नाही. पाच-सहा एकर रान, पक्के घर, दारात मोटारसायकल आणि निर्व्यसनी मुलगा. तरीही वधूपिता विचारतो, ‘नोकरी कुठे आहे?’ हा वधूपिताही बहुधा शेतकरीच असतो. आपल्या धंद्याविषयीचा त्याचा हा निकाल कोणत्याही अर्थतज्ज्ञाच्या अहवालापेक्षा बोलका आहे.

जाणारे असे जातात. ज्यांनी यावे ते येत नाहीत, ही तालुक्याच्या गावाची दुसरी दुखरी बाजू. शासनाचा नियम असा की कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावे. तसे तो कागदावर राहतो, घरभाडे भत्ताही घेतो. प्रत्यक्षात मुलांच्या शाळेसाठी बिऱ्हाड यवतमाळला किंवा नागपूरला असते आणि साहेब ‘अपडाऊन’ करतात. विदर्भात या इंग्रजी शब्दाचे आता मराठी क्रियापद झाले आहे. सगळ्यांना एका मापाने मोजू नये. पांढरकवड्यात वर्षानुवर्षे बिऱ्हाड करून राहिलेले, तिथल्याच शाळेत मुले शिकवलेले अधिकारी आणि शिक्षक गावाने पाहिले आहेत आणि त्यांची नावे अजून काढली जातात. पण ज्या गावात तहसीलदाराचे मूल शिकते, त्या गावच्या शाळेचे छप्पर गळत नाही. ज्या गावात डॉक्टर रात्री झोपतो, तिथे सर्पदंशाच्या रोग्याला सत्तर किलोमीटर हलवण्याआधी कुणीतरी तपासतो. बाळंतीण अडली, अपघात झाला, छातीत कळ आली की यवतमाळ, सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर ही नावे घेतली जातात; आणि ‘शहर हाकेच्या अंतरावर’ या शब्दांचा खरा अर्थ रुग्णवाहिकेत बसलेल्या नातलगाला कळतो.

याहूनही लांबच्या हाकेवर राहणारे लोक याच तालुक्यात आहेत. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. जंगलाच्या कडेला, मुख्य गावापासून थोडे सुटे. महाराष्ट्रात कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम या तीनच जमाती विशेष दुर्बळ गटात मोडतात. त्यांपैकी कोलामांची मोठी वस्ती यवतमाळ जिल्ह्यात आहे. त्यांची कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा. पोडावरचे मूल घरी कोलामी बोलते आणि पहिलीत त्याच्यासमोर एकदम प्रमाण मराठीचे पुस्तक येते. ते गप्प बसते. मास्तर म्हणतात, मूल शांत आहे. शांततेचा हा आणखी एक प्रकार. ज्या काही शिक्षकांनी पोडावर जाऊन चार कोलामी शब्द शिकून घेतले, त्यांच्या वर्गात ही शांतता फार दिवस टिकली नाही. पांढरकवड्याला जे यवतमाळ करते, तेच पोडाला पांढरकवडा करत असतो, हे तालुक्याच्या गावातील सुशिक्षितांनी स्वतःशी कबूल केले पाहिजे. आपल्याकडे कुणी येत नाही म्हणून हळहळणारा वकील किंवा प्राध्यापक पोडावर शेवटचा कधी गेला होता?

मग अशा गावात राहावे तरी का, असा प्रश्न कुणी विचारील. उत्तर पोळ्याच्या दिवशी मिळते. सजवलेले बैल तोरणाखाली उभे असतात, झडत्या रंगतात, त्यांत सरपंचापासून मंत्र्यापर्यंत कुणाचीही हजेरी घेतली जाते आणि ज्याची हजेरी घेतली तोही हसतो. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी नंदी ओढत मुले दारोदार जातात आणि प्रत्येक घरी त्यांना कुणाचा नातू, कुणाची नात हे न विचारता ओळखतात. किराणा दुकानदाराला कुणाच्या घरी पाहुणे आले ते साखरेवरून कळते. मुलगा पुण्याला असलेल्या म्हाताऱ्याचा वर्तमानपत्राचा अंक दुपारपर्यंत ओट्यावर तसाच पडलेला दिसला, तर शेजारी दार वाजवतो. ही सोय कोणत्याही गृहसंकुलाच्या माहितीपुस्तिकेत लिहिता येत नाही. तिच्या जोडीला जातीची अढी येते, भाऊबंदकी येते, कुणाची मुलगी कुणाशी बोलली याची पाळतही येते. तीच नजर आणि तोच शेजार. तरण्या मुलीला ती जाचते आणि एकट्या म्हाताऱ्याला वाचवते.

राहणाऱ्यांची मागणी तशी लहानच आहे, आणि ती ऐकल्यावर कुणालाही वाटेल की एवढे तर कधीच व्हायला हवे होते. रब्बीला हरभरा-गहू घेणाऱ्या शेतकऱ्याच्या पंपाला वर्षानुवर्षे पाळीने वीज मिळाली. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ज्या भागात वाघ आहे, रोही आणि रानडुकरे आहेत, साप तर आहेतच, त्या भागात मध्यरात्री बॅटरी घेऊन बारे द्यायला जाणारा माणूस काय म्हणून जातो? गावापुरती सौर वीज तयार करून पंपांना दिवसा पुरवठा करण्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. जिथे ती पोहोचली तिथे रात्रीची ओली संपली. पुढच्या वेळी कुणी टिपेश्वरला वाघ पाहायला गेले, तर परतताना वाटेतल्या एखाद्या धुऱ्यावर गाडी थांबवावी आणि तुमच्या फीडरला वीज दिवसा येते का, एवढे विचारावे. शेतकरी आधी चहाचा आग्रह करील. चहा होईस्तोवर उत्तर मिळेल, आणि जागलीच्या रात्री मचाणावरून काय काय दिसते तेही ऐकायला मिळेल.